डॉक्टरांचे घड्याळ

डॉक्टरांचे घड्याळ म्हणजे रुग्णाच्या नाडीचे ठोके किंवा श्वास मोजता यावेत, यासाठी सेकंदांचे वाचन ठळक व सुलभ केलेले घड्याळ होय. मोठी स्वतंत्र सेकंद-तबकडी, तबकडीच्या मध्यातून फिरणारा लांब सेकंद काटा किंवा तबकडीच्या कडेला छापलेली नाडीपट्टी यांपैकी एखादे वैशिष्ट्य अशा घड्याळात असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि मध्यास बनलेली या प्रकारची यांत्रिक मनगटी घड्याळे आज संग्राहक, वैद्यकीय व्यावसायिक आणि डॉक्टरांचे कुटुंबीय जपतात व विकत घेतात. असे घड्याळ निवडताना कंपनीच्या नावापेक्षा दोन गोष्टी निर्णायक ठरतात : सेकंद किती स्पष्ट वाचता येतो आणि तबकडीवरील पट्टी गणिताला उतरते का. भारतीय बाजारात पुन्हा रंगवलेल्या तबकड्या मोठ्या प्रमाणावर आढळत असल्यामुळे दुसरी कसोटी येथे विशेष महत्त्वाची आहे.

व्याख्या

'डॉक्टरांचे घड्याळ' हे कोणत्याही एका कंपनीचे उत्पादन नाही आणि तो प्रमाणित दर्जाही नाही. घड्याळांच्या व्यापारात रूढ झालेली ही संज्ञा आहे. एखाद्या डॉक्टरांनी वापरलेले घड्याळ आणि डॉक्टरांच्या कामासाठी रचलेले घड्याळ यांत फरक आहे. पहिल्याला कौटुंबिक किंवा ऐतिहासिक मूल्य असू शकते. पण त्यावर सेकंद काटाच नसेल, तर त्याला या अर्थाने डॉक्टरांचे घड्याळ म्हणता येत नाही.

तबकडीवरील वैद्यकीय चिन्हावरूनही हा प्रकार ठरत नाही. तांबडा क्रॉस हे वैद्यकीय व्यवसायाचे सर्वसाधारण चिन्ह नव्हे. ते युद्धकाळातील मदतकार्याशी निगडित असे संरक्षित चिन्ह असून भारतात जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार त्याच्या वापरावर निर्बंध आहेत. त्यामुळे तबकडीवर तांबडा क्रॉस असणे हा ते घड्याळ डॉक्टरांसाठी बनल्याचा पुरावा ठरत नाही.

इतिहास

नाडी पाहणे ही घड्याळापेक्षा कितीतरी जुनी विद्या आहे. आयुर्वेदात नाडीपरीक्षेचे व्यवस्थित विवेचन शार्ङ्गधरसंहितेत येते. तेथे वाताच्या नाडीला सर्पाची, पित्ताच्या नाडीला बेडकाची आणि कफाच्या नाडीला हंसाची गती कल्पिलेली आहे. या परीक्षेत ठोक्यांच्या संख्येपेक्षा गतीचा प्रकार महत्त्वाचा असल्यामुळे तिला सेकंद काट्याची गरज नव्हती. युरोपातही दीर्घकाळ नाडीचे वर्णन 'जलद', 'मंद', 'भरीव', 'क्षीण' अशा शब्दांतच होत असे.

नाडीचे मोजमाप करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न सतराव्या शतकाच्या प्रारंभी इटालियन वैद्य सांतोरिओ यांनी केला. त्यांच्या उपकरणात दोऱ्याला वजन टांगलेले असे. वजनाचे झोके नाडीशी जुळेपर्यंत दोरा लांब किंवा आखूड करायचा आणि दोऱ्याची लांबी नोंदवायची, अशी ती पद्धत होती. तिच्यातून दर मिनिटाचे ठोके मिळत नसत. मात्र एकाच रुग्णाच्या दोन दिवसांच्या नाडीची तुलना करता येई.

इंग्लंडमधील लिचफील्ड येथील वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी आधी लंबकाची घड्याळे आणि जहाजांवर वापरले जाणारे एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांच्या साहाय्याने नाडी मोजली. नंतर सॅम्युएल वॉटसन या घड्याळजीकडून त्यांनी सेकंद दाखवणारे खास घड्याळ करवून घेतले. त्यांच्या नाडीघड्याळावरील ग्रंथाचा पहिला खंड १७०७ साली आणि दुसरा १७१० साली प्रसिद्ध झाला. नाडी दर मिनिटाच्या ठोक्यांत मांडण्याची पद्धत रूढ होण्यास मात्र त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांकडे खिशातील घड्याळ असे. एका हाताने नाडी धरायची आणि दुसऱ्या हातात घड्याळ, यामुळे दोन्ही हात गुंतून पडत. पहिल्या महायुद्धाच्या काळात पुरुषांमध्ये मनगटी घड्याळाचा प्रसार झाला आणि ही अडचण दूर झाली. मनगटी घड्याळाची तबकडी लहान असल्याने तिच्या तळाशी असलेला इवलासा सेकंद काटा वाचणे मात्र कठीण होते. सेकंद मोठा कसा करावा, या प्रश्नाला घड्याळकारांनी दिलेली वेगवेगळी उत्तरे म्हणजेच डॉक्टरांच्या घड्याळाचे प्रकार होत.

प्रकार

दुहेरी तबकडीचे घड्याळ : आयताकृती घड्याळाच्या वरच्या अर्ध्या भागात तास-मिनिटांची आणि खालच्या अर्ध्या भागात जवळजवळ तेवढीच मोठी सेकंदांची तबकडी असते. १९२८ साली आलेले रोलेक्स प्रिन्स हे या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध घड्याळ होय. ग्रुएन कंपनीचे टेक्नी-क्वाड्रॉन हेही याच रचनेचे आहे. या दोन्ही घड्याळांसाठीची यंत्रणा स्वित्झर्लंडमधील बिएल येथील एगलर कारखान्यात तयार होत असे.

मध्यवर्ती सेकंद काट्याचे घड्याळ : सेकंद काटा तबकडीच्या मध्यातून निघून कडेपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रचना सर्वसामान्य झाली. त्यामुळे १९५० नंतरचे कोणतेही साधे, स्वच्छ तबकडीचे घड्याळ नाडी मोजण्यास उपयोगी पडू शकते.

ठोक्यागणिक सेकंदाचे घड्याळ : यांत्रिक घड्याळाचा सेकंद काटा सहसा सेकंदाला पाच किंवा सहा बारीक पावले टाकत सरकतो. काही घड्याळांत अतिरिक्त यंत्रणेने तो दर सेकंदाला एकच उडी घेतो. १९५० च्या दशकातील रोलेक्स ट्रू-बीट हे याचे उदाहरण होय. क्वार्ट्झ घड्याळात हीच चाल सर्वत्र रूढ झाल्यामुळे आज ती सामान्य वाटते. त्या काळी मात्र ती मोठी सोय होती.

नाडीपट्टी असलेला क्रोनोग्राफ : क्रोनोग्राफ म्हणजे बटण दाबून सेकंद काटा सुरू करणे, थांबवणे व शून्यावर आणणे शक्य असलेले घड्याळ. त्याच्या तबकडीच्या कडेला नाडीपट्टी छापली की मनातल्या मनात गुणाकार न करता थेट दर मिनिटाचे ठोके वाचता येतात. लाँजीन, ओमेगा, पाटेक फिलिप आदी कंपन्यांनी असे क्रोनोग्राफ बनवले. काही तबकड्यांवर श्वास मोजण्याचीही वेगळी पट्टी असते.

परिचारिकांचे घड्याळ : गणवेशाच्या छातीवर पिन लावून टांगलेल्या या घड्याळाची तबकडी उलटी बसवलेली असते. समोरच्या व्यक्तीला आकडे उलटे दिसतात. परिचारिकेने खाली पाहिल्यास ते सुलटे दिसतात. मनगट मोकळे राहत असल्यामुळे हात धुणे सोपे जाते. या एकाच गुणामुळे हा प्रकार आजही वापरात आहे.

नाडीपट्टीचे गणित

नाडीपट्टी ठरावीक ठोक्यांच्या आधारावर आखलेली असते. बहुतेक पट्ट्या ३० किंवा १५ ठोक्यांच्या असतात आणि तसा उल्लेख तबकडीवर, बहुधा फ्रेंच किंवा इंग्रजी भाषेत, असतो. ३० ठोक्यांच्या पट्टीवर नाडीचा ठोका लागताच बटण दाबायचे, तिसावा ठोका पूर्ण होताच थांबवायचे आणि काटा ज्या आकड्यावर असेल तो वाचायचा. आकडा १८०० भागिले लागलेले सेकंद एवढा असतो. म्हणजेच योग्य रीतीने आखलेल्या ३० ठोक्यांच्या पट्टीवर पुढील आकडे असलेच पाहिजेत :

२ च्या आकड्यासमोर (१० सेकंद) – १८०
३ च्या आकड्यासमोर (१५ सेकंद) – १२०
४ च्या आकड्यासमोर (२० सेकंद) – ९०
६ च्या आकड्यासमोर (३० सेकंद) – ६०
९ च्या आकड्यासमोर (४५ सेकंद) – ४०
१२ च्या आकड्यासमोर (६० सेकंद) – ३०

१५ ठोक्यांच्या पट्टीवर ही सर्व मूल्ये निम्मी होतात : २ समोर ९०, ३ समोर ६०, ४ समोर ४५ आणि ६ समोर ३०. पाच श्वासांच्या पट्टीवर ३ समोर २०, ४ समोर १५, ५ समोर १२ आणि ६ समोर १० हे आकडे येतात.

या गणितातून आणखी एक गोष्ट दिसते. सेकंद जितके कमी, तितके आकडे एकमेकांच्या जवळ येतात. त्यामुळे पट्टीवर १८० ते १२० यांमधील अंतर पाच सेकंदांचे असते, तर ६० ते ४० यांमधील अंतर पंधरा सेकंदांचे असते. आकडे समान अंतरावर छापलेली नाडीपट्टी चुकीचीच असते.

मोजणीतील चुका

पहिला ठोका शून्य धरावा लागतो. कारण मोजायची असतात ती ठोक्यांमधील अंतरे. पहिल्या ठोक्यालाच 'एक' म्हटले, तर ३० ऐवजी २९ अंतरे मोजली जातात आणि प्रत्यक्षात ६० असलेली नाडी ६२ दिसते. १५ ठोक्यांच्या पट्टीवर हीच चूक ६० ला ६४ पर्यंत नेते. १५ ठोक्यांची पट्टी वेळ वाचवते. पण चूक दुप्पट करते.

साध्या सेकंद काट्याने मोजताना १५ सेकंदांतील ठोक्यांना चाराने गुणल्यास एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. ३० सेकंद मोजल्यास दोनाची आणि पूर्ण मिनिट मोजल्यास एकाचीच राहते. नाडी अनियमित असल्यास, विशेषतः हृदयाच्या कर्णिकांच्या अनियमित स्फुरणात, नाडीपट्टीचे वाचन फसवे ठरते. कारण पट्टी ठोक्यांमधील अंतर समान आहे असे गृहीत धरते. अशा वेळी पूर्ण मिनिट मोजणे हाच योग्य मार्ग होय.

याउलट, घड्याळ दिवसाला किती पुढे किंवा मागे पडते याचा नाडीमोजणीवर जवळजवळ परिणाम होत नाही. दिवसाला पाच मिनिटे मागे पडणारे घड्याळ वेळ पाहण्यास निरुपयोगी असते. पण ३० सेकंदांच्या मोजणीत त्याची चूक सुमारे एकदशांश सेकंद, म्हणजे मोजणाऱ्याच्या बोटाच्या चुकीहूनही कमी असते. म्हणून महागडे, अचूकतेचे प्रमाणपत्र असलेले घड्याळ नाडीसाठी अधिक चांगले असतेच असे नाही. डोळ्यांना सेकंद स्पष्ट दिसणे हा खरा गुण आहे.

भारतातील घड्याळे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई हे स्विस घड्याळांच्या आयातीचे मोठे केंद्र होते. फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीचा भारताशी व्यापार १८६० च्या दशकात सुरू झाला. वेस्ट एंड वॉच कंपनीचा उगम १८८० च्या दशकातील मुंबईतील व्यापारात आहे. तिचे 'सोवार' हे घड्याळ, ज्याच्या नावात 'स्वार' हा शब्द ओळखू येतो, सैनिक व सरकारी नोकरांमध्ये विशेष लोकप्रिय होते. जुन्या पिढीतील भारतीय डॉक्टरांच्या घरी फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर, हेन्री सँडोज, कॅमी यांसारखी घड्याळे आढळतात. यांतील बहुतेक घड्याळे सर्वसाधारण ग्राहकांसाठी बनलेली असून मध्यवर्ती सेकंद काट्यामुळे डॉक्टरांच्या कामी आली.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सार्वजनिक उपक्रमाने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. किल्लीचे, १७ ज्वेलचे 'जनता' हे तिचे घड्याळ देशभर पसरले. ठळक आकडे, पांढरी तबकडी आणि मध्यवर्ती सेकंद काटा असलेले हे घड्याळ नाव वेगळे असूनही गुणांनी डॉक्टरांचेच घड्याळ होते. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटन कंपनीने क्वार्ट्झ घड्याळे घरोघरी नेली आणि यांत्रिक घड्याळांची मागणी घटत गेली. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्र शासनाने २०१६ साली मान्यता दिली. त्यानंतर जुन्या एचएमटी घड्याळांना संग्राहकांच्या बाजारात नवे मोल आले.

नागपूर आणि विदर्भ

नागपूर हे मध्य भारतातील वैद्यकीय शिक्षणाचे जुने केंद्र आहे. ब्रिटिश काळात येथे रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते. 'मेडिकल' या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. 'मेयो' या जुन्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयाशी इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय संलग्न आहे. शहराच्या पूर्व-दक्षिण भागातील नंदनवन ही निवासी वस्ती मेडिकलपासून जवळ असून सक्करदरा येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही याच भागात आहे. नाडीची संख्या घड्याळावर मोजणारी आणि नाडीची गती बोटांनी ओळखणारी, अशा दोन्ही परंपरांचे शिक्षण या परिसरात काही किलोमीटरांच्या अंतरात मिळते. जुन्या घड्याळांच्या दृष्टीने अशा शहरात विक्रेत्याच्या दुकानाइतकेच डॉक्टरांच्या घरातील कपाट महत्त्वाचे असते. तेथून मिळालेल्या घड्याळाचा पूर्वेतिहास ठाऊक असतो आणि त्याची तबकडी बहुधा मूळचीच असते.

वैद्यकीय कामासाठी सेकंद मोजण्याचे विदर्भातील सर्वांत उल्लेखनीय उदाहरण मात्र महागड्या घड्याळाचे नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभारली. तेथे बालकांमधील न्यूमोनिया गावातच ओळखता यावा, म्हणून श्वास मोजण्याचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांच्या साहाय्याने, फारशी अंकओळख नसलेल्या व्यक्तीलाही श्वासांची मोजणी करता येई. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ ते ११ महिन्यांच्या बालकाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षांखालील बालकाचा ४० किंवा अधिक असल्यास तो जलद मानला जातो. तो पूर्ण मिनिट मोजावा लागतो.

गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात स्वीकारली गेली आणि आशा कार्यकर्तीच्या साहित्यात अंकी मनगटी घड्याळाचा समावेश झाला. फ्लॉयर यांनी वापरलेले एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि गडचिरोलीतील वाळूचे घड्याळ यांत जवळपास तीनशे वर्षांचे अंतर आहे. दोन्हींमागील गरज एकच होती.

जुने घड्याळ निवडताना

उद्देश : घड्याळ रोज वापरायचे, केवळ प्रसंगी घालायचे की संग्रहात ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते. रोजच्या वापरासाठी सुटे भाग मिळणारे, साध्या यंत्रणेचे घड्याळ योग्य ठरते. क्रोनोग्राफची यंत्रणा गुंतागुंतीची असते. तिची दुरुस्ती करू शकणारे घड्याळजी कमी असतात आणि खर्च अनेकदा साध्या घड्याळाच्या किमतीहून अधिक होतो.

सेकंदांचे वाचन : सेकंद काट्याचे टोक सेकंदांच्या खुणांपर्यंत पोहोचले पाहिजे. काटा आखूड असल्यास तो बदललेला असण्याची शक्यता असते. काट्याचा रंग तबकडीहून वेगळा असावा. पांढऱ्या तबकडीवर निळा किंवा तांबडा काटा चटकन दिसतो. हात लांब धरून, मंद प्रकाशात वाचन करून पाहणे ही चांगली चाचणी होय. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत असल्याने ही चाचणी घालणाऱ्याने स्वतःच करावी लागते.

काट्याची चाल : काटा पूर्ण फेरीत कोठेही अडखळता कामा नये. मध्यवर्ती सेकंद काट्याच्या काही जुन्या यंत्रणांत ताणपट्टी झिजल्यास काटा थरथरतो किंवा थबकून पुढे उडी घेतो. अशा काट्यावर नाडी मोजता येत नाही. क्रोनोग्राफमध्ये बटण दाबताच काटा सुरू होताना उडी मारत नाही ना, आणि शून्यावर आणल्यावर बरोबर १२ वर थांबतो ना, हे पाहावे. ट्रू-बीटसारख्या घड्याळांत दुरुस्तीच्या वेळी उडीची यंत्रणा काढून टाकून ते सामान्य घड्याळ केल्याची उदाहरणे आहेत. तबकडीवरील नाव कायम असले तरी वैशिष्ट्य गेलेले असते.

आकार आणि धातू : १९३० ते १९६० या काळातील पुरुषांची घड्याळे बहुधा ३० ते ३६ मिलिमीटर व्यासाची असत. त्यामुळे आजच्या मोजमापाने ती स्त्री व पुरुष दोघांनाही शोभतात. 'मागील झाकण स्टेनलेस स्टीलचे' असा मजकूर असल्यास केवळ झाकणच स्टीलचे असते. उरलेली केस पितळेवर मुलामा दिलेली असू शकते. मुलामा उडालेल्या जागी घामाने धातू खंगतो आणि काहींच्या त्वचेला त्रास होतो.

अंधारात चमकणारा लेप : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम वापरलेले असू शकते. लेपाची चमक गेली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग जात नाही. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. बंद घड्याळ घालण्यापेक्षा ते घरी उघडणे आणि लेपाची भुकटी श्वासावाटे किंवा बोटांवाटे पोटात जाणे अधिक घातक असते. लेप भुरभुरत असल्यास असे घड्याळ टाळणे श्रेयस्कर होय.

चुंबकत्व : घड्याळ एकाएकी दिवसाला बरीच मिनिटे पुढे जाऊ लागल्यास त्याची केसस्प्रिंग चुंबकित झालेली असू शकते. जवळ धरलेल्या होकायंत्राची सुई हलल्यास हा संशय बळावतो. घड्याळजी चुंबकत्व काढून टाकू शकतो. १९५० च्या दशकात चुंबकरोधक म्हणून गाजलेली रोलेक्स मिलगॉससारखी घड्याळे १००० गॉस, म्हणजे ०.१ टेस्ला, सहन करण्यासाठी बनली होती. एमआरआय यंत्राचे क्षेत्र सहसा १.५ किंवा ३ टेस्ला असते. त्यामुळे कोणतेही जुने घड्याळ एमआरआय कक्षात नेऊ नये.

'मुंबई स्पेशल'

जुनी, खराब झालेली घड्याळे गोळा करून त्यांच्या तबकड्या नव्याने रंगवणे, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करणे आणि प्रसिद्ध कंपनीचे नाव छापून विकणे हा भारतात दीर्घकाळ चालत आलेला व्यवसाय आहे. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' हे उपहासात्मक नाव दिले. नाडीपट्टी, तांबडा क्रॉस, सेनादलांची चिन्हे किंवा भडक दुरंगी तबकडी यांमुळे सामान्य घड्याळही दुर्मीळ भासते, म्हणून डॉक्टरांच्या घड्याळांत हा प्रकार विशेष दिसतो.

तबकडी पुन्हा रंगवणे हा गुन्हा नव्हे. आर्द्रतेने काळवंडलेली तबकडी मालकाच्या इच्छेने रंगवून घेण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती आणि अनेक घड्याळजींनी हे काम प्रामाणिकपणे केले. ही गोष्ट लपवून मूळ तबकडीची किंमत घेतली जाते, तेथे फसवणूक सुरू होते. पुढील खुणांवरून रंगकाम ओळखता येते :

नाडीपट्टीचे आकडे वर दिलेल्या गणिताशी जुळत नाहीत, किंवा आधार ३० ठोक्यांचा असताना आकडे १५ ठोक्यांचे असतात.
क्रोनोग्राफ नसलेल्या, बटणे नसलेल्या घड्याळावर गुंतागुंतीच्या अनेक पट्ट्या असतात.
भिंगातून पाहिल्यास अक्षरांच्या कडा फाटलेल्या, जाडी असमान आणि मिनिटांच्या रेषा आकड्यांपासून सरकलेल्या दिसतात.
तबकडी नव्यासारखी असते. पण केस, किल्ली व झाकण मात्र खूप झिजलेले असते.
तबकडीवर स्विस कंपनीचे नाव असते आणि आत एचएमटीची किंवा अन्य कंपनीची यंत्रणा असते. यासाठी विक्रेत्याने झाकण उघडून दाखवणे आवश्यक असते.

यांपैकी पहिली खूण पडताळण्यास कोणतेही उपकरण किंवा तज्ज्ञ लागत नाही. नाडीपट्टी जुळली म्हणजे तबकडी मूळचीच असते असे नाही. मात्र ती जुळत नसेल, तर घड्याळ संग्रहासाठी संशयास्पद आणि रुग्णासाठी निरुपयोगी ठरते. घरात वारशाने आलेल्या घड्याळाची डागाळलेली तबकडी रंगवून घेण्याचा मोह होतो. रंगवल्यावर मूळ छपाई परत आणता येत नाही, म्हणून केवळ यंत्रणा साफ करून तबकडी तशीच ठेवणे संग्राहक पसंत करतात.

देखभाल

यांत्रिक घड्याळाला रोज ठरावीक वेळी किल्ली द्यावी आणि तीन ते पाच वर्षांनी सफाई व तेलपाणी करून घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. नागपुरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. बंद मोटारीत किंवा खिडकीत ठेवलेल्या घड्याळातील तेल त्याहून अधिक तापून पातळ होते व पसरते. पावसाळ्यात काचेच्या आत बाष्प दिसल्यास घड्याळ त्वरित घड्याळजीकडे न्यावे. एका रात्रीत गंज धरू शकतो. जुन्या घड्याळावर 'जलरोधक' असे लिहिलेले असले, तरी आतील रबर कडक झालेले असल्याने ते विश्वासार्ह नसते. अनेक जुन्या घड्याळांची काच प्रत्यक्षात अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकची असते. हातांच्या निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलने तिच्यावर बारीक तडे जातात.

रुग्णालयातील वापर आणि मर्यादा

मनगटी घड्याळाखालील त्वचा नीट धुतली जात नाही आणि पट्ट्यात जंतू साचतात. या कारणाने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००७ साली रुग्णसेवेच्या वेळी कोपराखाली काहीही न घालण्याचे धोरण जाहीर केले. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुताना घड्याळ काढणे हा सर्वत्र मान्य नियम आहे. चामड्याचा पट्टा घाम शोषतो व धुता येत नाही. म्हणून रुग्णसेवेत तो सर्वांत अयोग्य मानला जातो. जुने घड्याळ बाह्यरुग्ण विभागात किंवा खाजगी दवाखान्यात घालायचे असल्यास धुता येणारा पट्टा लावणे आणि रुग्णाला हात लावण्यापूर्वी ते काढून ठेवणे योग्य होय.

बोटावर लावण्याच्या ऑक्सिमीटरमागील तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडले. कोविड-१९ च्या साथीत हे उपकरण सामान्य घरांतही पोहोचले आणि नाडीची संख्या घड्याळाशिवाय कळू लागली. तरीही बोटांनी नाडी पाहताना तिचा ताल, भरीवपणा आणि दोन्ही हातांतील फरक लक्षात येतो. वैद्यकीय शिक्षणात त्यामुळेच सेकंद काट्यावर पूर्ण मिनिट नाडी मोजण्याचा सराव आजही करून घेतला जातो. या सरावासाठी ठळक सेकंद काट्याचे साधे क्वार्ट्झ घड्याळ पुरेसे आहे. जुने यांत्रिक घड्याळ आवडीचा, वारशाचा किंवा अभ्यासाचा विषय म्हणून निवडले जाते.